स्वस्तातलं एन्व्हलप फिल्टर पेडल: मागवलं, बदलून घेतलं, आणि मग ते नीट वाजायला लागलं

गेले काही महिने मी एका स्वस्तातल्या एन्व्हलप फिल्टर पेडलच्या मागे होते, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावून आवाज बदलणाऱ्या एका छोट्या डबीच्या. आता ते माझ्या पेडलबोर्डवर कायमचं बसलंय आणि मी ते खरंच वापरतेय, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते. या पेडलबद्दल शोधायला गेलं की एकतर डेमो व्हिडिओ मिळतात, ज्यात पेडल आधीच मस्त सेट करून ठेवलेलं असतं, नाहीतर "घेतलं, जमलं नाही, विकून टाकलं" असे दोन ओळींचे रिव्ह्यू. मधला भाग, म्हणजे खोकं उघडल्यापासून पहिला मनासारखा आवाज येईपर्यंतचा, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि बरेच लोक नेमके तिथेच वैतागून सोडून देतात.

ज्यांनी हे पेडल वापरलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. वाह पेडल सगळ्यांना माहीत असतं, पायाने पुढे-मागे करायचं आणि आवाज "वाआव" करतो. एन्व्हलप फिल्टरमध्ये तेच काम पायाऐवजी तुमचा स्ट्रोक करतो. तार जोरात छेडली की फिल्टर उघडतो, म्हणजे आवाजाचा वरचा, तेजस्वी भाग बाहेर येतो, आणि नोट विरत गेली की मिटत जातो. पेडलच्या आत दोन कामं चाललेली असतात, एक सर्किट फक्त सिग्नल किती मोठा आहे एवढंच मोजत असतं, आणि त्या मापावर दुसरं सर्किट, म्हणजे खरा फिल्टर, वर-खाली सरकतो. बऱ्याच पेडलमध्ये हे मोजमाप एका बारीक एलईडीपर्यंत जातं आणि त्याच्यासमोर प्रकाशावर चालणारा रेझिस्टर असतो, दोन्ही एका काळ्या डबीत बंद. तुम्ही तार छेडली की आत खरोखर दिवा लागतो, रेझिस्टन्स कमी होतो आणि फिल्टर उघडतो. तो रेझिस्टर अंधारात परत मूळ जागी यायला थोडा वेळ घेतो, म्हणून या पेडलचं मिटणं मऊ लागतं. मला ही गोष्ट कळल्यावर पेडलबद्दलची भीती बरीच कमी झाली. काहीही गूढ नाहीये, मोठा सिग्नल म्हणजे जास्त उजेड आणि जास्त उघडा फिल्टर, बस.

हा आवाज मला हवा होता तो जुन्या फंकमुळे, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकन संगीतामुळे. १९७२ मध्ये म्युझिट्रॉनिक्स कंपनीने म्यू-ट्रॉन थ्री आणलं, माईक बायगेल यांचं डिझाइन, आणि या जातीच्या पेडलचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते तिथून. स्टीव्ही वंडरने त्यातून क्लॅव्हिनेट (तारांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड) वाजवला, बूट्सी कॉलिन्सने बेस, आणि जेरी गार्सियाने गिटार. तिघांचे आवाज लागोपाठ ऐकले तर लक्षात येतं की एकच पेडल तीन माणसांच्या हातात तीन प्रकारे बोलतंय. पुढे बायगेल यांनीच नव्वदच्या दशकात इलेक्ट्रो-हार्मोनिक्ससाठी क्यू-ट्रॉन केलं. ही मोठी नावं माझ्या आवाक्याबाहेरची होती, आणि हा इफेक्ट मी किती वापरणार याची खात्री नसताना तेवढा खर्च करणं मला पटतही नव्हतं. म्हणून ठरवलं की आधी स्वस्तातलं घेऊन बघू. मी घेतलेल्या पेडलचं नाव इथे देत नाही, कारण जे सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक पेडलना लागू आहे.

निवडायलाच खूप वेळ गेला. स्वस्तातल्या पेडलमध्ये ढोबळ दोन प्रकार दिसले, एक म्हणजे दोनच नॉब असलेली साधी पेडल, सेन्सिटिव्हिटी (किती जोराला फिल्टर उघडेल) आणि रेझोनन्स (फिल्टरचं टोक किती तीव्र), आणि दुसरी चार-पाच नॉबची छोटी पेडल ज्यात डिके (फिल्टर किती सावकाश मिटेल), रेंज, मिक्स असं सगळं कोंबलेलं असतं. मला आधी वाटलं जास्त नॉब म्हणजे जास्त चांगलं. पण मग मॅन्युअल डाउनलोड करून वाचायला लागले (हे नक्की करा, बहुतेक कंपन्यांच्या साइटवर फुकट असतं) आणि माझ्यासाठी कुठली गोष्ट महत्त्वाची आहे ते स्पष्ट होत गेलं. सेन्सिटिव्हिटीचा नॉब हवाच, त्याशिवाय घेऊच नका. लो-पास आणि बँड-पास निवडता आलं तर फार उत्तम, कारण लो-पासमध्ये आवाजाचा तळ शिल्लक राहतो आणि बँड-पासमध्ये तो नाकातून आल्यासारखा टोकदार होतो, दोन्हींचा उपयोग वेगळा. वर-खाली असा दिशेचा स्विच असेल तर बोनस. आणि मिक्स, म्हणजे मूळ आवाज थोडा मिसळता येणं, याचं महत्त्व मला निवडताना वाटलं त्यापेक्षा पुढे कितीतरी जास्त निघालं, ते पुढे सांगते.

पॉवरचंही बघून घ्या. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि प्लगमध्ये मधला भाग निगेटिव्ह असतो, पण पेडलवरची खूण बघितल्याशिवाय काहीही लावू नका. किती मिलिअँपिअर लागतात तेही वाचा, अ‍ॅनालॉग पेडल सहसा कमी खातात, डिजिटल जास्त. छोट्या आकाराच्या बऱ्याच पेडलमध्ये बॅटरीला जागाच नसते, त्यामुळे घरी अडॅप्टर नसेल तर तो वेगळा मागवावा लागतो आणि पेडल येऊन नुसतं पडून राहतं.

डेमो व्हिडिओंबद्दल एक सांगते. बघा जरूर, पण वाजवणाऱ्याकडे कुठली गिटार आहे ते आधी बघा. पिकअप म्हणजे तारांची थरथर सिग्नलमध्ये बदलणारा गिटारवरचा भाग, आणि दोन कॉइलच्या हंबकर पिकअपचं आउटपुट सिंगल कॉइलपेक्षा साधारण जास्त असतं, आणि हे पेडल आउटपुटवरच चालतं, त्यामुळे हंबकरवर तोंड उघडून गाणारं पेडल तुमच्या सिंगल कॉइलवर तशाच सेटिंगला जेमतेम कुजबुजेल. माझी गिटार तीन सिंगल कॉइलची, म्हणून मी तशाच गिटारवरचे डेमो शोधून शोधून ऐकले. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर फिल्टरचा खालचा अर्धा प्रवास ऐकूच येत नाही.

शेवटी जूनमध्ये ऑनलाइन ऑर्डर केली. ऑर्डर करण्याआधी रिटर्नची पॉलिसी पूर्ण वाचली, आणि हे पुढे फार कामाला आलं. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: परत करायची मुदत डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात की ऑर्डरच्या, बिघाड असेल तर बदलून देतात की फक्त दुरुस्ती, आणि परत पाठवायचा कुरिअर खर्च कोणाचा. स्वस्तातल्या पेडलमध्ये हा शेवटचा मुद्दा गंभीर असतो, कारण दोन्ही बाजूंचा कुरिअर आपल्याच अंगावर आला तर स्वस्त घेण्यात अर्थ राहत नाही.

मग वाट बघणं. ट्रॅकिंगवर "पाठवले" दिसल्यावर बरेच दिवस काहीच हललं नाही, मग एकदम एका दिवसात सगळे टप्पे पार पडले. खोकं हातात आल्यावर मी मोबाईल स्टँडला लावून उघडतानाचा व्हिडिओ काढला, सील दिसेल असा, सिरियल नंबरचा स्टिकर जवळून, आणि पेडल चारही बाजूंनी. घरच्यांना ते जरा अति वाटलं. मला नाही वाटलं, आणि पुढे जे झालं त्यात तोच व्हिडिओ उपयोगी पडला.

कारण पहिलं पेडल खराब निघालं. स्विच दाबला की दिवा लागायचा, आवाज बदलायचा, पण हलायचा नाही. पातळ, कायम उघडा, रेडिओतून आल्यासारखा आवाज, जोरात वाजवा नाहीतर हळू. या जागी खरा त्रास असा असतो की पेडल बिघडलंय की सेटिंग चुकलंय हे पहिल्यांदा घेणाऱ्याला ठरवता येत नाही, कारण सेन्सिटिव्हिटी फार जास्त असली तरी अगदी असाच आवाज येतो! म्हणून मी सगळं काढून टाकलं, गिटारमधून थेट पेडल, पेडलमधून थेट अँप, मध्ये काही नाही. सेन्सिटिव्हिटी पूर्ण शून्यावर आणली. आता गिटारचा व्हॉल्यूम हळूहळू कमी करत नेला. चांगल्या पेडलमध्ये इथे कुठेतरी फिल्टर मिटायलाच हवा, आवाज गढूळ, दबलेला व्हायला हवा. तसं झालं नाही. फिल्टर उघडाच. मग अडॅप्टर बदलून बघितला, केबल बदलून बघितल्या, दुसरी गिटार लावली. तरी तेच. म्हणजे मोजणारं सर्किट काम करत नव्हतं किंवा फिल्टरपर्यंत ते पोचत नव्हतं. तुमच्याकडे असा संशय आला तर हीच चाचणी करा, पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

तक्रारीचा सगळा प्रवास लिहिते कारण तो कंटाळवाणा असला तरी लोक तिथेच सोडून देतात. आधी साइटवर फॉर्म भरला. फॉर्ममध्ये "समस्या निवडा" म्हणून जी यादी होती त्यात "पेडल चालू होतं पण इफेक्ट येत नाही" असं काही नव्हतंच, म्हणून "इतर" निवडलं. उत्तर आलं ते ठरावीक साच्यातलं, अडॅप्टर तपासा, बॅटरी तपासा. मी वाद न घालता एक छोटा व्हिडिओ काढून पाठवला, त्यात आधी सिरियल नंबर, मग नॉबच्या जागा जवळून, मग तीच एक नोट आधी हळू आणि नंतर जोरात, आधी पेडल बंद ठेवून आणि मग चालू करून. बोलले काहीच नाही, नुसतं वाजवलं. सोबत मेलमध्ये काय काय बदलून बघितलं ते चार ओळींत. यानंतर उत्तराचा सूर बदलला. उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो तयार होताच. बदलून देऊ म्हणाले, पण मूळ खोकं, आतला फोम आणि कागद सगळं परत हवं होतं. म्हणून सांगते, मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका. बदलून आलेल्या पेडलची वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरणार हेही मी मेलवर लेखी विचारून घेतलं, तुम्हीही घ्या, फोनवर सांगितलेलं नंतर कुणी मानत नाही. जुनं त्यांच्याकडे पोचून तपासल्याशिवाय नवीन निघणार नव्हतं, त्यामुळे पुन्हा वाट बघणं आलं. त्या काळात मी खूप वैतागले होते हे खरं. एका छोट्या डबीसाठी एवढं कशाला, पैसे परत घेऊन टाकावेत, असंही मनात येऊन गेलं.

दुसरं पेडल ऑगस्टमध्ये आलं. पहिलीच नोट वाजवली आणि आवाज "क्वाक" म्हणाला. मोठ्याने हसू आलं मला.

पण नंतरचा तासभर पुन्हा गोंधळ, कधी क्वाक यायचा, कधी नुसताच दबका आवाज, कधी सगळं उघडंच. इथेच बरेच जण सोडतात असं मला वाटतं, म्हणून मी शेवटी जी पद्धत बसवली ती नीट सांगते. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण दहावर ठेवू नका, आठच्या आसपास ठेवा, म्हणजे पुढे वर आणि खाली दोन्हीकडे जागा राहते. रेझोनन्स मध्यावर. मिक्स असेल तर पूर्ण इफेक्टकडे. डिके असेल तर मध्यावर. आणि सेन्सिटिव्हिटी शून्यावर. आता सगळ्यात जाड तार डाव्या हाताने हलकी दाबून, म्हणजे नोट न येता नुसतं "टक" येईल अशी, आपल्या नेहमीच्या जोराने छेडत राहा, एका लयीत, आणि दुसऱ्या कुणाला तरी नॉब फिरवायला सांगा. एकटे असाल तर दोन स्ट्रोक, मग केसभर नॉब, पुन्हा दोन स्ट्रोक. सुरुवातीला नुसतं "ठक ठक" येईल. मग एका जागी त्या ठक मध्ये तोंड उघडल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, "ठव". तिथे थांबा. आता दाबलेली तार सोडून पूर्ण नोट वाजवा. हळू वाजवली तर अर्धं उघडलं पाहिजे, जोरात वाजवली तर पूर्ण. हळू वाजवूनही पूर्ण उघडत असेल तर नॉब मागे, जोरात वाजवूनही अर्ध्यातच राहत असेल तर पुढे. नॉब म्हणजे घड्याळ मानलं तर माझ्या गिटारवर ती जागा साधारण दहा वाजताच्या आसपास आली, आणि गंमत म्हणजे पुढचे दोन मिलिमीटर सोडले तर उरलेला सगळा नॉब मला बिनकामाचा आहे. स्वस्तातल्या पेडलची हीच मुख्य अडचण आहे माझ्या मते, आवाज वाईट नसतो, पण कामाचा पट्टा नॉबच्या एका कोपऱ्यात दाटलेला असतो.

त्यावर उपाय तुमच्या हातातच असतो, गिटारचा व्हॉल्यूम नॉब. सेन्सिटिव्हिटी एकदा लावली की तिला हात लावू नका, बारीक फरक गिटारवरूनच करा. आठचा सात केला की फिल्टर लगेच कमी उघडतो, पुढच्या पिकअपवरून ब्रिज पिकअपवर गेलं की पुन्हा वेगळा प्रतिसाद. काही पेडलमध्ये आत सर्किटवर एक बारीक प्रीसेट असतो, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा, पण वॉरंटीच्या काळात मागचं झाकण उघडण्याआधी अटी वाचा.

डिके आणि जाड तारा यांचं एक नातं आहे जे मला फार उशिरा कळलं. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. डिके खूप कमी ठेवला तर मोजणारं सर्किट नोटचा चढ-उतार मोजायचं सोडून त्या प्रत्येक थरथरीच्याच मागे धावायला लागतं, फिल्टरही तेवढ्याच वेगाने हलतो आणि नोटमध्ये घरघर येते. मला आधी वाटलं हे पेडलही बिघडलं की काय. डिके थोडा वाढवला की घरघर जाते. वरच्या तारांवर मात्र कमी डिके छान लागतो, झटपट, चुरचुरीत.

रेझोनन्सशी खेळण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही. रेझोनन्स वर नेऊन मोकळी ए तार वाजवा, एकदाच, आणि ती पूर्ण विरेपर्यंत ऐकत बसा. त्या एका नोटमध्ये ११०, २२०, ३३०, ४४० हर्ट्झ असे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, एकावर एक रचलेले असतात, आणि फिल्टर वरून खाली उतरताना त्याचं टोक एकेका हार्मोनिकवरून जातं, तो तेवढ्यापुरता उजळतो आणि पुढचा येतो. एकाच नोटमधून उतरती सुरावट ऐकू येते. कानाला हे एकदा सापडलं की मग पेडल बंद असतानाही नोटच्या आत ते सूर ऐकू यायला लागतात. पण रेझोनन्स फार वाढवला की एक त्रास होतो, फिल्टरचं टोक एखाद्या जोरदार हार्मोनिकवर बसलं की आवाज अचानक उसळतो, हेडफोनवर तर कानाला लागतो. म्हणून प्रयोग करताना अँपचा व्हॉल्यूम आधी कमी करा.

आता बाकीच्या पेडलच्या साखळीत हे कुठे लावायचं. पहिलं. ट्यूनर आधी चालेल, बाकी सगळं नंतर. कारण साधं आहे, हे पेडल तुमच्या हाताचा जोर वाचतं, आणि मध्ये काहीही आलं की तो जोर बदलून पोचतो. कॉम्प्रेसर आधी लावला तर हळू आणि जोरात यातला फरकच कमी होतो, प्रत्येक नोट सारखीच क्वाक करते. काही जणांना तसं सारखेपण आवडतं, मला मात्र त्यात जीव वाटला नाही, म्हणून कॉम्प्रेसर मी नंतर लावते, तिथे तो उलट उपयोगी पडतो, रेझोनन्सच्या उसळ्या दाबतो. ओव्हरड्राइव्हही (आवाज थोडा फाटका करणारं पेडल) नंतर. फझ (आवाज पूर्ण फाडून खरखरीत करणारं पेडल) आधी लावला तर वेगळीच मजा, फझमुळे हार्मोनिक इतके वाढतात की फिल्टरला कापायला भरपूर माल मिळतो आणि आवाज सिंथसारखा होतो, पण फझ सिग्नल सपाट करतो म्हणून फिल्टर उघडला की उघडाच राहतो, तार हाताने बंद करेपर्यंत. क्यू-ट्रॉन प्लससारख्या पेडलमध्ये यासाठी वेगळा इफेक्ट लूप असतो, म्हणजे जोर मोजायचा स्वच्छ गिटारवरून आणि फिल्टर लावायचा फझवर. स्वस्तातल्यात तो सहसा नसतो. मी मग फझचा गेन बराच कमी करून आणि तारा पटकन बंद करायची सवय लावून काम चालवलं, पुष्कळ जवळ जाता येतं.

एकाच अडॅप्टरवरून सगळी पेडल साखळीने जोडलेली असताना माझ्याकडे बारीक शिट्टी यायला लागली, आणि रेझोनन्स वर असला की फिल्टर ती शिट्टी अजून वर काढायचा. वेगळ्या, आयसोलेटेड आउटपुटवर लावल्यावर थांबली. तुमच्याकडे असं झालं तर फिल्टरला दोष देण्याआधी ते एकटं वेगळ्या पॉवरवर लावून बघा.

वाजवण्याबद्दल. या पेडलवर पूर्ण सहा तारांच्या कॉर्ड जवळजवळ बंद करा. सगळ्या तारा एकदम वाजल्या की सिग्नल इतका मोठा होतो की फिल्टर वर जाऊन तिथेच बसतो, हालचाल संपते. दोन-तीन तारांचे तुकडे, वरच्या फ्रेटवर, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर डाव्या हाताची बोटं सैल सोडून आवाज तोडायचा. ही तोड सगळ्यात महत्त्वाची, कारण फिल्टर मिटायला जागा मिळाली तरच पुढच्या स्ट्रोकला पुन्हा उघडेल. एका ठोक्यात चार स्ट्रोक असा फंक ठेका धरला आणि हात न थांबवता फिरवत ठेवला, मधले स्ट्रोक दाबलेल्या तारांवर आणि मोजकेच उघडे, की पेडल एकदम ठेक्यात बोलायला लागतं. पातळ पिकने मला ते जमलं नाही, जोर सारखा येत नव्हता. जरा जाड पिक घेतलं, मग कधी नुसतं अंगठा आणि बोटांनी, आणि बोटांनी वाजवलेलं मला सगळ्यात जास्त आवडलं, तो "व" जास्त गोल येतो.

माझ्या उजव्या हाताचा खालचा स्ट्रोक वरच्यापेक्षा जोरात जातो हे मला या पेडलने दाखवलं. साध्या आवाजात कधी जाणवलं नव्हतं. इथे खालचा स्ट्रोक "वाव" आणि वरचा नुसता "व". मेट्रोनोम लावून, अगदी संथ, दोन्ही स्ट्रोक सारखे उघडेपर्यंत बसले. आता मुद्दाम तो फरक वापरताही येतो, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पूर्ण उघडायचं, बाकी अर्धवट.

दिशेचा स्विच असेल तर खालची दिशाही वापरून बघा. त्यात उलटं होतं, तार छेडली की फिल्टर मिटतो आणि नोट विरताना उघडतो, त्यामुळे नोटची सुरुवात गिळल्यासारखी होते आणि शेपूट उजळतं. वेगात तो चिखल होतो, पण संथ, लांब नोटांवर फार सुंदर लागतो.

घरी सगळं जमल्यावर बँडच्या प्रॅक्टिसला नेलं आणि तिथे पुन्हा नवीन प्रकार. आमचा बेस वाजवणारा दोन गाण्यांनंतर म्हणाला, "अगं, तू वाजवतेयस का? मला नुसतं टकटक ऐकू येतंय." बरोबर होतं त्याचं. लो-पास फिल्टर अर्धा मिटलेला असतो तेव्हा गिटारचा वरचा सगळा भाग गेलेला असतो, आणि जो खालचा भाग उरतो तिथे बेस आधीच बसलाय. घरी एकटं वाजवताना भरदार वाटणारा आवाज बँडमध्ये दिसेनासाच होतो. शिवाय ड्रम सुरू झाले की आपण नकळत जोरात वाजवतो, म्हणजे फिल्टर सतत उघडा. तिथे मी दोन गोष्टी केल्या, बँड-पासवर गेले आणि मिक्समध्ये मूळ आवाज जवळजवळ तिसरा हिस्सा मिसळला. लगेच गिटार ऐकू यायला लागली आणि क्वाकही शिल्लक राहिला. सेन्सिटिव्हिटीही घरच्यापेक्षा थोडी मागे. म्हणून आता माझ्याकडे दोन सेटिंग आहेत, घरचं आणि बँडचं, दोन्हींचे वरून काढलेले फोटो मोबाईलमध्ये, आणि नॉबशेजारी दोन रंगांच्या मार्करचे ठिपके. मिक्स नसलेलं पेडल घेतलं असतं तर बँडमध्ये ते चाललं नसतं असं माझं स्पष्ट मत झालंय.

रेकॉर्डिंगला एक काळजी घ्यावी लागली. मला सवय आहे की गिटार स्वच्छ रेकॉर्ड करायची आणि इफेक्ट नंतर लावायचे. इथे ते उपयोगाचं नाही, कारण पेडल कसं उघडतंय हे ऐकूनच हात जोर ठरवतो. पेडल चालू ठेवून वाजवलेलं आणि बंद ठेवून वाजवलेलं, यात माझा हातच वेगळा पडतो. म्हणून पेडलसकट रेकॉर्ड करते. आणि नंतर ऑडिओ इंटरफेसमधून (कॉम्प्युटरला जोडायची रेकॉर्डिंगची डबी) पेडलमध्ये सिग्नल पाठवायचाच असेल तर तिथली लाइन लेव्हल गिटारपेक्षा खूप मोठी असते, फिल्टर सरळ वर चिकटतो, मध्ये तो सिग्नल गिटारसारखा करणारा रीअँप बॉक्स लागतो किंवा निदान लेव्हल पुष्कळ उतरवावी लागते.

स्वस्त असण्याचे तोटे आहेतच. स्विच दाबताना बारीक "टप" येतो, शांत रेकॉर्डिंगमध्ये तो कापावा लागतो. रेंज मर्यादित आहे, म्यू-ट्रॉनच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला तो खोल, द्रवासारखा उतार यात येत नाही. आणि गिटार बदलली की सगळं पुन्हा लावावं लागतं, कारण सेन्सिटिव्हिटीचा कामाचा पट्टा इतका अरुंद आहे. रोज दोन-तीन गिटार बदलून स्टेजवर वाजवत असाल तर हे घेऊ नका, मोठा पट्टा असलेलं काहीतरी बघा. पण एक गिटार, घर, कधीतरी बँड, आणि हा आवाज शिकायचाय एवढंच असेल तर बिनधास्त घ्या.

सध्या मी ऑक्टेव्ह पेडल फिल्टरच्या आधी लावून बघतेय, एक ऑक्टेव्ह (सप्तक) खालचा आवाज मिसळून. ऑक्टेव्हमुळे सिग्नल वाढतो म्हणून सेन्सिटिव्हिटी पुन्हा मागे घ्यावी लागतेय, आणि एका वेळी एकच नोट वाजवावी लागते नाहीतर ऑक्टेव्ह अडखळतो. अजून पूर्ण बसलेलं नाही. कुणी हे केलं असेल तर डिके किती ठेवता तेवढं सांगा, कारण खालचा ऑक्टेव्ह मिसळला की ती घरघर परत येतेय.